सात किलोंत न बसलेली

मी बोलतेय, हातातली बॅग. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात कोंबतात ना, त्या जातीची. चार चाकं, एक लांब दांडा, दोन कप्पे आणि स्वभाव भित्रा. हे शेवटचं दुकानातल्या चिठ्ठीवर छापलेलं नव्हतं.

भित्रेपणा जन्मापासूनचा. कारखान्यात आम्हाला शिवून झालं की दर पन्नासातली एक उचलायची, तिच्यात वाळूच्या पिशव्या भरायच्या आणि उंचावरून खाली सोडायची. टिकली तर बाकीच्या एकोणपन्नास पास. माझ्या रांगेत माझ्या शेजारचीला उचललं. ती टिकली, पण तो आवाज माझ्या अंगात राहिला तो राहिलाच.

पहिला मालक औषध कंपनीचा विक्रेता. महिन्याला बारा गावं फिरायचा आणि मला पायाने ढकलत चालायचा. चार वर्षांनी त्याने चकचकीत नवी बॅग घेतली आणि मला वहिनीच्या दारात आणून उभं केलं. ‘‘वहिनी, राहू दे तुम्हाला. चाकं अजून धड आहेत.’’ माझी चार वर्षांची नोकरी त्याने एका वाक्यात गुंडाळली.

ही वहिनी कृत्रिम पाय बनवायच्या कार्यशाळेत काम करते. तिथे सगळे तिला ‘पायवाल्या बाई’ म्हणतात. केसांत कायम प्लास्टरची पूड, नखांत चिकट रेजिन, आणि बोलणं असं की समोरच्याने निमूट पाय पुढे करावा. मला ती रोज डबा आणि अवजारं भरून कामावर न्यायची, म्हणून तिथले कायदे मला पाठ झाले. एक, तयार पाय अनवाणी दाराबाहेर जात नाही. मोजा आणि बूट घालूनच जातो, आणि बुटाचा जोडीदारही सोबत जातो. दुसरा कायदा साच्याचा. ज्याचा पाय गेलाय त्याच्या पायाच्या उरलेल्या भागाचं माप घेऊन प्लास्टरचा भरीव ठोकळा बनवतात, तो साचा. त्यावर तापवलेली शीट ओढून पायाची वाटी घडवतात, उरलेला भाग जिच्यात बसतो ती. वाटी बोचली, तर साचा सुधारून त्यावर नवी ओढता येते. म्हणून पाय नीट चालेपर्यंत साचा टाकायचा नाही. या दुसऱ्या कायद्यापायी बाई एकदा साहेबांशीसुद्धा भांडली होती.

आणि मग तो फोन आला. बाईची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी, लांब परदेशात नर्सिंग शिकते. लहानपणी अपघातात तिचा गुडघ्याखालचा पाय गेला. तेव्हापासून तिचा प्रत्येक पाय मावशीनेच केलेला. गेल्या सुट्टीत ती नव्या पायाचं माप देऊन गेली होती.

‘‘मावशी, जुनी वाटी तडकलीय गं. पट्टी लावून चालवतेय. पण सोमवारपासून प्रात्यक्षिक परीक्षा आहे, आठ-आठ तास वॉर्डात उभं राहायचं. हुकली तर वर्ष गेलं.’’

‘‘रडू नकोस. पाय तयार आहे. शनिवारी घेऊन येते, रविवारी बसवते, सोमवारी तू उभी.’’

बाईने सांगून टाकलं खरं. तिकिटं काढली ती यजमानांनी, आणि तिथेच घोळ झाला. त्यांना स्वतःच्या हुशारीचा भारी अभिमान.

‘‘हे बघ, एक तिकीट या कंपनीचं, दुसरं त्या कंपनीचं. मधल्या विमानतळावर नऊ तास. आरामात बस, चहा पी.’’

‘‘दोन्ही तिकिटं एकमेकांना जोडलेली आहेत का?’’

‘‘जोडायची कशाला? तू आहेस ना मध्ये!’’

म्हणजे असं की सामान मोठ्या बॅगेत टाकलं तर पहिली कंपनी ते मधल्या विमानतळावर उतरवून देणार. ते घ्यायला पासपोर्टवाल्यांच्या पलीकडे जायचं, आणि त्या देशाचा व्हिसा बाईकडे नाही. तेव्हा जे काही न्यायचं ते हातात, म्हणजे माझ्या पोटात. पाय, त्याचा बूट, बुटाचा जोडीदार, साचा, आणि उरलेल्या जागेत दोन जोड कपडे. पहिल्या तिकिटावर दहा किलो लिहिलं होतं. कार्यशाळेच्या काट्यावर मी भरले नऊ किलो आठशे. यजमान खूश झाले. दुसरं तिकीट कोणी वाचलंच नाही.

पहिल्या भीतीशी गाठ तपासणीत पडली. मी त्या अंधाऱ्या बोगद्यातून जात असताना पट्टा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. बाहेर निघाले तर तीन गणवेशवाले वाट बघत उभे.

‘‘यात काय आहे?’’

‘‘पाय,’’ बाई म्हणाली.

‘‘कोणाचा?’’

‘‘भाचीचा.’’

तिघे माझ्यापासून एक पाऊल मागे सरले. मग बाईच्याच लक्षात आलं. ‘‘अहो, नकली! भाची धडधाकट आहे!’’ त्यांनी साचा उलटासुलटा करून पाहिला, त्यावर कापसाची पट्टी फिरवून ती एका यंत्रात घातली. पाय परत मिळाला, साचाही मिळाला. तोवर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मधल्या विमानतळावर उतरलो तेव्हा सकाळ होती, पुढचं विमान संध्याकाळचं. दुसऱ्या कंपनीचं काउंटर बंद, त्यावर नुसती पाटी. तीन तास आधी उघडणार. बाई त्याच्या बरोब्बर समोर बसली आणि माझा पट्टा तिने स्वतःच्या पायाला गुंडाळून घेतला. शेजारचे आजोबा म्हणाले, ‘‘बाई, जरा जाऊन येतो, माझी पेटी बघाल का?’’ ‘‘नाही बघणार,’’ बाई म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. एरवी ती अशी नाही. भीतीने माणूस कसा तिरसट होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. स्वच्छतागृहात मला घेऊन गेली तेव्हा तर दार लागेना. मग मी अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि बाई आतून दांडा घट्ट धरून.

दर अर्ध्या तासाने ती तिकीट काढून वाचायची. आठव्या खेपेला तिने खालची बारीक अक्षरं वाचली.

‘‘सात?’’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘‘सात किलो?’’

पुढचे दोन तास मी जन्मभर विसरणार नाही. नऊ आठशेतून सात कसे करायचे? बाई चेन उघडायची, साच्यावर हात ठेवायची, पुन्हा लावायची. बूट काढायचा, पुन्हा घालायचा. मला वाटत होतं, आता काही तरी बाहेर जाणार. आणि काय जाईल याची मला इतकी धास्ती वाटत होती की माझ्या चाकांना कंप सुटला.

काउंटर उघडलं. समोर एक तरुण मुलगी, केस चापूनचोपून बांधलेले.

‘‘बॅग काट्यावर ठेवा, मॅडम.’’ मी चढले. ‘‘नऊ आठशे. आमच्याकडे सातच चालतं. मोठ्या सामानात टाकावी लागेल.’’

‘‘टाका की.’’

‘‘ते काउंटर बाहेर आहे. व्हिसा आहे तुमच्याकडे?’’

‘‘नाही हो. ताई, पुढचं विमान कधी?’’

‘‘आमचं? मंगळवारी.’’

मी काट्यावरून बघत होते, बाईचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा झाला. मुलगी वाईट नव्हती. तिने वाकून आत पाहिलं. ‘‘हा दगड कशाला नेताय? टाका ना तो.’’

‘‘दगड नाही, साचा आहे. वाटी बोचली तर मी तिथे कशावर दुरुस्त करू? पोरीला आठ तास उभं राहायचंय.’’

‘‘मग या पायाचा बूट तरी काढून...’’

‘‘तयार पाय अनवाणी न्यायचा नसतो.’’

मागे रांग चुळबुळायला लागली. बाई खाली बसली आणि तिने मला रिकामं केलं. पाय, साचा, बूट, कपडे, सगळं फरशीवर. आता साचा जाणार, मी मनात म्हटलं, आणि पोरीचं वर्ष गेलं. तेवढ्यात बाईने मला, एकटीला, उचलून काट्यावर ठेवलं.

दोन किलो नऊशे.

‘‘एवढं तूच खातेस होय गं!’’ ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी बोलली ती ही पहिली वेळ.

माझा जीव उडाला. पण खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी मला सुटल्यासारखंही वाटलं. बाईने अंगावरची शाल पसरली, त्यात सगळं ठेवलं, चार टोकांची गाठ मारली. काटा सहा किलो नऊशेवर थांबला. मुलीने हसून पास छापला.

‘‘ही बॅग इथे ठेवू का?’’

‘‘आम्हाला ठेवता येत नाही, मॅडम. तिकडे कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवा, सफाईवाले नेतील.’’

बाईने मला तिथे आणलं. कोणाला शंका येऊ नये म्हणून माझे दोन्ही कप्पे सताड उघडे टाकले, दांडा आत बसवला आणि माझ्यावर एक थाप मारली. ‘‘माफ कर हं. तुझी चूक काही नाही.’’ मग गाठोडं छातीशी धरून ती धावत सुटली. दाराशी पास दाखवताना ती एकदाही मागे वळली नाही. बरोबरच आहे, वळायला वेळ कुठे होता. ती आत गेलेली मी पाहिली, दार बंद झालेलं पाहिलं आणि थोड्या वेळाने काचेबाहेर ते विमान हललेलंही पाहिलं.

नंतर एक सफाईवाल्या मावशी आल्या. त्यांनी डबा रिकामा केला, मला उघडी पाहून त्यांच्या हातांना राहवलं नाही. दोन्ही कप्पे मिटवले, चेन लावली आणि मला खांबाशी नीटनेटकी उभी करून पुढे गेल्या.

तेव्हापासून इथे गडबड आहे. आधी एका आईने लेकराला माझ्यापासून ओढून नेलं. मग बाकड्यावरची माणसं उठली. आता सभोवती पिवळी पट्टी लावलीय, पलीकडे गणवेशवाले दबक्या आवाजात फोनवर बोलताहेत, आणि एक कुत्रा माझ्याकडे टक लावून बसलाय. जन्मभर मी सगळ्यांना घाबरत आले. आज एवढी मोठी माणसं मला घाबरताहेत, आणि त्यांच्या घाबरण्याने माझी गाळण उडालीय.

जाडजूड अंगरखा घातलेला एक जण एक-एक पाऊल टाकत जवळ येतोय. त्याच्या कपाळावर घाम आहे. त्यालाही घरी कोणी असेल.

दादा, घाबरू नका हो. या, उघडा मला. आत काहीच नाही. जे होतं ते विमानात बसलं.