पाचवं पाणी

आईच्या जलदान विधीला गुरुपादप्पा सर उदगीरहून आले. वय ब्याऐंशी. आई किती कष्टाळू, किती मायाळू, असं एकेक जण बोलून बसत होता. सर काठी टेकत उठले आणि म्हणाले, "नागुबाईंनी आमच्या प्रयोगशाळेचं तीन महिन्यांचं काम वाया घालवलं होतं. ते सांगायला मी आलोय."

मंडपात चुळबुळ झाली. मामा माझ्याकडं बघायला लागला. बोलू दे, अशी मी मान हलवली. सर सांगत होते ते मला ठाऊक होतं.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांच्या पाट्या अजून चकचकीत होत्या आणि नळ कोरडे. विद्यापीठानं शहराबाहेर एक लहान प्रयोगशाळा काढली होती. तिला संरक्षण खात्याचं अनुदान होतं. सैनिकांना अंधारात बघता यावं म्हणून जी दुर्बीण करायची होती, तिचे आरसे इथं तयार होत. काचेवर धातूचा मुलामा, केसाहून कितीतरी पातळ. दिल्लीच्या समितीला तो पसंत पडला तरच पुढची दोन वर्षं अनुदान मिळणार होतं.

आई उमरीची. बाबा गेल्यावर ती या प्रयोगशाळेत रोजंदारीवर लागली. काम काचा धुण्याचं. साबणातून काढलेली काच शुद्ध केलेल्या पाण्यानं पाच वेळा धुवायची आणि दर वेळचं पाणी फेकून द्यायचं, हा सरांचा नियम. तिला कायम करावं असा कागद त्यांनी नुकताच वर पाठवला होता. मी बारावीला होते. कॉलेज सुटलं की तिच्याकडं जायचे आणि दोघी मिळून घरी यायचो.

त्या उन्हाळ्यात मुलामा सुटायला लागला. चिकटपट्टी लावून ओढली की धातूचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून यायचा. सरांनी मुलामा चढवायच्या यंत्राचा पंप खोलला, तेल बदललं, पुन्हा खोलला. समिती यायला आठ दिवस उरले होते.

एका दुपारी मी गेले तेव्हा आई धुतलेली काच डोळ्यांसमोर धरून उभी होती. कंदिलाची काच पुसताना सोडायची तशी तिनं तिच्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ सारखी बसली नाही. मधेच डाग राहिले; काच स्वच्छ निघाली नव्हती.

"पंचे," ती मला म्हणाली, "ह्ये माझंच काम हाय."

तिनं ओट्याखालची झाकलेली बरणी पुढं ओढली. पाचवं पाणी. आमच्या गल्लीत टँकर पाचव्या दिवशी यायचा, आणि इथं हे नितळ पाणी मोरीत ओतायचं. तिचा हात धजेना. म्हणून ती ते साठवायची आणि पुढच्या काचा त्यातच धुवायची. घरी मात्र तिनं त्यातला थेंबही आणला नव्हता.

"गप राहा," मी म्हटलं. "आजपासून ताजं घे. कुणाला कळतंय?"

"आन् सर पंप खोलत बसतेल?"

"तुझा कागद वर गेलाय, आई."

"जाऊ दे की." तिनं बरणी कडेवर घेतली आणि सरांच्या खोलीत गेली. मी दारात थांबले.

तिनं सगळं सांगितल्यावर सरांनी बरणीचं झाकण काढून आत बघितलं. मग म्हणाले, "नागुबाई, पाणी वाचवून तुम्ही सरकारचे तीन महिने बुडवले."

"बुडवायला पाणी हाय कुठं, सर?" तिच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिनं पदर तोंडाला लावला.

सर हसले नाहीत. "तुम्हाला कळलं कसं?"

तिनं वाफ सोडून दाखवली. मग सरांनी स्वतः वीसेक काचांवर वाफ सोडली. सगळ्यांवर डाग.

शुद्ध पाणी बारा काचांपुरतं शिल्लक होतं. "दुसऱ्या कुणाला धुवायला सांगू?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. मीच धुते."

पाचवं पाणी मोरीत ओतताना तिनं तोंड फिरवलं होतं.

समिती आली तेव्हा तिच्यातल्या लष्करी अधिकाऱ्यानं त्या नव्या काचांवर पट्टी लावून ओढली. एकदा, तीनदा. मुलामा जागचा हलला नाही. तेव्हा सरांनी, कुणी मागितली नसताना, बिघडलेली काचही पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. अधिकारी म्हणाला, "हे अहवालात लिहा."

अहवालातल्या त्या इंग्रजी पानाचं भाषांतर सरांनी मंडपात वाचून दाखवलं. "दोषाचं कारण: धुण्याचं पाणी पुन्हा वापरणं. कारण शोधलं: नागुबाई, रोजंदारी कर्मचारी." शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

आईला कायम केल्याचा कागद सात महिन्यांनी आला होता. पुढं नव्यानं लागणाऱ्या बायांना ती आधी ती बरणी दाखवायची आणि मग काम शिकवायची.

माझी बोलायची पाळी आली. लिहून आणलेला कागद मी घडी करून ठेवला.

"सर सांगतात ते खरं आहे," मी म्हटलं. "ती बरणी मी पाहिली होती. आणि मी तिला गप राहा म्हटलं होतं."