गिळतो तो पाहुणा

पेयांच्या त्या कारखान्यात चहा, कॉफी, कोको, लिंबाचं सरबत असं सगळं बने, आणि काकांच्या जिभेवरून गेल्याशिवाय कुठलाच माल बाजारात जात नसे. चव घेणं म्हणजे पिणं नव्हे, बरं का. चमचाभर पेय फुर्रकन ओढायचं, जिभेवर घोळवायचं आणि शेजारच्या पितळी तस्तात थुंकायचं. गिळलं की जीभ सुस्तावते. "गिळतो तो पाहुणा, थुंकतो तो जाणकार," हे काकांचं वाक्य कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं.

आणि त्याच काकांची चव तापात गेली. वासही गेला. काकांनी ब्र काढला नाही. रंग बघायचा, साय बघायची, मान डोलवायची. शंका आलीच तर हळूच एक घोट गिळायचा. कॉफी घशाला खरवडत जाई, कोको जडपणे उतरे, सरबत चावे. तेवढ्यावर गाडं रेटलं जात होतं.

पण त्यांची मदतनीस बाई शेजारीच बसे. काका तिला 'लाकडी जीभ' म्हणत.

"काका, तुम्ही गिळलंत," एका सकाळी ती हलकेच म्हणाली.

"घसा कोरडा पडला होता."

"रोजच पडतो?"

काकांचा चेहरा उतरला. त्यातच मालकांनी फर्मान काढलं होतं. व्यापारी येणार, त्यांच्यासमोर काकांनी डोळे बांधून पेयं ओळखायची. "जमलं तर खुर्ची तुमचीच," मालक म्हणाले होते, "नाही तर, काका, आता वयही झालंच की."

"या खुर्चीशिवाय मला काय आहे गं?" काका पुटपुटले.

"घाबरू नका. पेले मीच देणार आहे. चहा असला तर गुपचूप ठेवीन. कॉफीला बशी वाजवीन, कोकोला खोकेन, सरबताला खुर्ची सरकवीन."

काकांनी चक्क तिचे हात धरले. "लाकडी जीभ म्हणायचो तुला. मनावर घेऊ नकोस हं."

"छे! मनावर काय घ्यायचं," ती म्हणाली.

व्यापारी आले. काकांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला गेला. तस्तापर्यंत हात पोचेना, म्हणून गिळणं भागच होतं. गरम-थंडावरून ओळखता येऊ नये म्हणून सगळी पेयं सारखीच कोमट केलेली.

पेला गुपचूप आला. "चहा. कोवळ्या पानाचा." टाळ्या.

खुर्ची सरकली. "सरबत. लिंबू पिकलेलं."

बाई खोकली. "कोको!"

"वा, काका!" कुणीतरी ओरडलं. काकांची छाती फुगली. खुर्ची वाचली होती. मेलेल्या जिभेनेसुद्धा आपण या सगळ्यांना पुरून उरलो, असं त्यांच्या मनात आलं.

बशी किणकिणली. काकांनी ऐटीत मोठा घोट घेतला. "कॉफी! भाजणी जरा चढलीय, पण अंग भरदार आहे." आणि खात्री पटावी म्हणून उरलेला पेला एका दमात रिकामा केला.

टाळी वाजली नाही. एक पाहुणा तोंड दाबून बाहेर पळाला.

काकांनी रुमाल ओढला. टेबलावर तस्त होतं, सकाळपासून चव पाहणाऱ्या सगळ्यांच्या थुंकीने भरलेलं. त्यात पळी बुडवलेली होती. पळीचा दांडा बाईच्या हातात.

"काका, गिळतो तो पाहुणा," ती म्हणाली. आवाज अगदी शांत, काका शिकवताना असायचा तसा.

तेव्हा कुठे त्यांना आठवलं. कामाच्या पहिल्या दिवशी तिने चुकून घोट गिळला होता. सगळ्यांदेखत त्यांनी हेच तस्त तिच्या नाकाशी धरलं होतं. "एवढी तहान लागलीय तर हे पी!" लोक पोट धरधरून हसले होते. काकाही हसले होते आणि घरी जाऊन विसरलेही होते.

"मालक, हिने..."

मालक त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते काकांची खुर्ची पुसायला सांगत होते. बाई त्या खुर्चीत बसली, आणि बसताना तिने पाठ आरामात टेकली.

काका थुंकत थुंकत बाजूला झाले. ते दाराशी भिंत धरून उभे राहिले. "पाणी," ते कसेबसे म्हणाले.

कुणीतरी त्यांच्या हातात पेला दिला. काकांनी तो ओठांपर्यंत नेला आणि थांबले. वास येत नव्हता. चव कळणार नव्हती. बाकीचे एकमेकांकडे बघून ओठ दाबत होते.

"हे पाणीच आहे ना रे?" काकांनी विचारलं.