गाडी रिकामी झाल्यावर

टँकर भरायला लावला की ड्रायव्हरला दीड-दोन तास काम नसतं. अशा वेळी कुणी त्याच्या कंपनीचा विषय काढला तर ते दीड-दोन तासही पुरत नाहीत. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत विषय काढला तो साठवाल्यांच्या जावयानं.

साठवाले म्हणजे या डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. गाडीचा काटा साठच्या पुढे कधी जाऊ दिला नाही, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहायचं. जावई सध्या एका ठेकेदाराचा ट्रक चालवत होता. टायर टकले, घरी यायचा दिवस नक्की नाही आणि फोनवर शिव्या, अशी ती नोकरी होती. गेल्याच महिन्यात उतारावर टायर फुटला आणि जावई थोडक्यात वाचला. आता इथे एक जागा निघाली होती. सही करण्याआधी चार जाणत्यांना विचारावं म्हणून तो चार पानी फॉर्म घेऊन सासऱ्यांच्या डेपोत आला होता.

विचारायचा अवकाश, खोली जागी झाली. बारक्या नावाचा एकशेदहा किलोचा ड्रायव्हर खुर्ची ओढून पुढे आला. त्याच्या मते कंपनी म्हणजे सोनं. टायर वेळेवर बदलतात, दहा तासांच्या वर गाडी चालवूच देत नाहीत आणि आपली गाडी आपल्याकडेच राहते. दुसऱ्यानं बसून सीट खाली-वर करून ठेवली, आरसा फिरवला, पायाशी शेंगांची टरफलं टाकली, असलं काही नाही. माणूस बायकोपेक्षा सीटवर जास्त वेळ काढतो, तेव्हा सीट तरी स्वतःची हवी, असं तो म्हणाला. मग साठवाल्यांकडे नजर गेली आणि त्यानं जीभ चावली.

वकिलाला मात्र हे सोनं पटेना. हा कायदा शिकलेला नव्हता, पण कंपनीच्या प्रत्येक परिपत्रकात खोट काढायचा, म्हणून वकील. त्यानं तक्रारींचा पाढा वाचायला घेतला. केबिनमध्ये कॅमेरा आहे आणि जांभई दिली तरी तो टुंग करतो. भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावायची. रस्त्यात मामाचं घर लागलं तरी पाणी प्यायला थांबायचं नाही, कारण गाडी तीन मिनिटं उभी राहिली की कंट्रोल रूम विचारते, काय झालं. "आणि फोन," तो म्हणाला. टँकर भरलेला असेपर्यंत स्वतःचा फोन डेपोच्या फाटकावरच्या डब्यात कुलूपबंद. केबिनमध्ये फक्त कंपनीचा वायरलेस, आणि त्यावर फक्त कंट्रोलवाला. घरच्यांना काही सांगायचं असेल तर त्यांनी कंट्रोलला सांगायचं.

पोटात वीस हजार लिटर पेट्रोल घेऊन जाणाऱ्यानं फोनवर गप्पा मारू नयेत, यात चूक काय, असं बारक्यानं विचारलं. वकिलालाही त्यात चूक सापडत नव्हती. न सापडल्याचंच त्याला वाईट वाटत असावं.

साठवाले कोपऱ्यात चहाचा पेला धरून बसले होते. चहा केव्हाच निवला होता. बायको जाऊन दहा आठवडे झाले होते. साठवाल्यांनी फार धीरानं घेतलं, असं सगळे म्हणत. धीरबीर काही नव्हता. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग ओठ आपलाच आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसं त्यांचं सगळ्याच बाबतीत झालं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, गाडी साठनंच चालत होती. काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याची काळजीही वाटत नव्हती.

जावई फॉर्म चाळत तिसऱ्या पानावर आला आणि थबकला. "हे काय आहे?" म्हणत त्यानं मोठ्यानं वाचलं. गाडी भरलेली असताना घरून वाईट निरोप आला तर तो तुम्हाला केव्हा सांगावा? खाली दोन चौकोन. एकापुढे 'ताबडतोब', दुसऱ्यापुढे 'गाडी रिकामी झाल्यावर'.

"दुसरा," बारक्या आणि वकील एकदम म्हणाले. दिवसभरात त्यांचं एवढ्याच गोष्टीवर एकमत झालं.

मग दोघांनी त्याला समजावून सांगितलं. पहिल्या चौकोनात खूण करणाऱ्याला ऑफिस कच्च्या मनाचा समजतं. निरोप आला की त्याला वाटेतच थांबवायचं, बदली ड्रायव्हर पाठवायचा, याला गाडीनं घरी धाडायचं, ही यातायात कोण करणार? म्हणून असल्यांना लांबच्या फेऱ्या देतच नाहीत. गावातल्या गावात पंपापंपांवर हेलपाटे मारायचे आणि निम्म्या भत्त्यावर समाधान मानायचं. डेपोत पस्तीस ड्रायव्हर होते आणि पस्तिसांनी दुसऱ्याच चौकोनात खूण केली होती. तसा हा प्रश्न कुणी प्रश्न म्हणून वाचतच नसे.

साठवाल्यांनीही वाचला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी हाच फॉर्म त्यांनी घरी नेला होता. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा भरायला बायको बसली होती. तिनं प्रश्न वाचून काय लिहू विचारलं, आणि ते नखं कापता कापता म्हणाले होते, नंतरचं लिही. वाईट निरोप म्हणजे आपल्या वडिलांचा, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं होतं. म्हातारा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता, आणि तो गेलाच तर गाडी रिकामी होईपर्यंत थांबेल, असा त्यांचा हिशेब. म्हातारा पुढे सहा वर्षं जगला आणि साठवाल्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या हातून दोन घोट पाणी पिऊन गेला. खुणेची त्याला गरजच पडली नाही.

गरज पडली ती दहा आठवड्यांपूर्वी. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलीनं कंट्रोल रूमला फोन केला होता. आईला हृदयाचा झटका आलाय, दवाखान्यात आणलंय, बाबांना सांगा. कंट्रोलवाला 'बरं' म्हणाला, संगणकावर साठवाल्यांचं पान उघडलं, खूण पाहिली आणि थांबला. त्यानंतर तो दोनदा वायरलेसवर साठवाल्यांशी बोललासुद्धा. रस्ता कसा आहे, असं त्यानं विचारलं होतं. साठवाले म्हणाले होते, एकदम मोकळा.

तेव्हाच सांगितलं असतं तर ते बारापर्यंत पोचले असते. ती दोन वाजता गेली. टँकर रिकामा झाला तीननंतर, आणि मग पंपाच्या मालकानं त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच ते समजले. पुढचं सगळं कंपनीनं रीतसर केलं. गाडी पाठवली, रजा कापली नाही, मोठे साहेब घरी येऊन हात जोडून बसले. कंपनी वाईट असती तर बरं झालं असतं, असं साठवाल्यांना एकदा वाटून गेलं होतं. वाईट कंपनीवर राग तरी धरता येतो.

तो राग मुलीनं धरला होता. चौकशी केली तेव्हा तिला 'नियमाप्रमाणे' एवढंच उत्तर मिळालं, आणि नियम कंपनीचा असणार, असं ती धरून चालली. माझ्या आईचा निरोप यांनी दाबून ठेवला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. साठवाले शेजारी बसून ऐकायचे. दहा आठवड्यांत तिला खरं सांगायची संधी कितीदा तरी आली आणि ते ती दर वेळी जाऊ द्यायचे. बायको गेली होती, म्हातारा गेला होता. राहिलेली ही एकच. तिनंही तोंड फिरवलं तर मग घरी कशाला जायचं, हा प्रश्न त्यांना भरल्या गाडीपेक्षा जड वाटायचा.

म्हणूनच त्या खोलीत जे पुढे झालं ते त्यांच्या फायद्याचंच होतं. बारा वाजता ऑफिसची खिडकी बंद व्हायची. बारक्यानं खिशातलं पेन काढून जावयापुढे धरलं आणि म्हणाला, इथंच भर आणि देऊन टाक, कशाला पुढच्या आठवड्यावर ढकलतोस. जावई घुटमळला. फुटलेल्या टायरमुळे त्याची बायको, साठवाल्यांची मुलगी, या नोकरीला कशीबशी तयार झाली होती, पण एक अट घालून. सहीच्या आधी प्रत्येक पान ती स्वतः वाचणार.

तो साठवाल्यांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, इथंच देऊ का? तुम्ही वाचलाय म्हणून सांगतो तिला. तुमच्या शब्दाबाहेर ती नाही."

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. तो प्रश्न मुलीच्या नजरेला पडला नसता, जावयाला चांगली नोकरी लागली असती आणि साठवाल्यांचं घर होतं तसं राहिलं असतं. त्यांनी पेल्यातला गार चहा एका घोटात संपवला.

"घरी न्या," ते म्हणाले. "तिला वाचू दे."

हे धैर्य होतं असं कुणी समजू नये. त्यांना स्वतःलाही आपण असं का बोललो ते कळलं नाही. बाहेर त्यांच्या गाडीचा नंबर पुकारला गेला. ते उठले आणि फाटकावर जाऊन फोन डब्यात ठेवला.

रविवारी दुपारी मुलीनं जेवायला बोलावलं. तिचं स्वयंपाकघर एवढंसं, टेबल भिंतीला लावलेलं, तिसरा माणूस बसला की फ्रिजचं दार उघडत नाही. जेवणं झाली. तिनं टेबल पुसलं, कोरडं झालंय ना ते तळहातानं पाहिलं आणि फॉर्म मधोमध ठेवला. जावयानं पेन काढलं. ती आईसारखीच वाचायची, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत. पहिल्या पानावर तिनं कामाच्या तासांबद्दल दोन प्रश्न विचारले, दुसऱ्यावर विम्याबद्दल एक. जावई उत्साहानं सांगत होता, मध्येच सासऱ्यांकडे पाहून दुजोरा मागत होता. साठवाले होय होय करत होते. पाणी भरलेला पेला त्यांच्यापुढे होता, पण तो उचलायचं त्यांना सुचत नव्हतं.

तिसऱ्या पानावर बोट थांबलं. तिनं प्रश्न मनातल्या मनात वाचला, मग पुन्हा एकदा ओठ हलवत वाचला. जावई घाईनं म्हणाला की ते काही नाही, सगळेच दुसऱ्यावर खूण करतात, नाहीतर लांबच्या फेऱ्या मिळत नाहीत. तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

"बाबा, तुमच्या फॉर्मवर होतं हे?"

"होतं."

"मग?"

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. अकरा वर्षं झाली होती, तिनं मानलंही असतं. साठवाल्यांनी टेबलावरचा ओला राहिलेला एक ठिपका बोटानं पुसला.

"नंतरचं," ते म्हणाले. "कंपनीनं काही लपवलं नाही. मीच तसं लिहायला सांगितलं होतं."

जावयानं पेन टेबलावर ठेवलं. मुलगी रडेल किंवा ओरडेल, निदान उठून आत तरी जाईल, असं साठवाल्यांना वाटलं होतं. यातलं काहीही झालं तरी त्यांनी ते ऐकून घेतलं असतं. ती बसूनच राहिली. मग तिनं नवऱ्याचं पेन उचललं आणि त्याला न विचारता पहिल्या चौकोनात खूण केली.

"अगं, मग गावातल्या फेऱ्या देतील," जावई म्हणाला.

"गावातल्या करा."

तिनं पान उलटलं आणि चौथं पान वाचायला घेतलं. दोन ओळी वाचल्या असतील. बोट तिथेच राहिलं, आणि ती वर न बघता, एखादा हरवलेला कागद सापडल्यासारखी बोलू लागली.

"आईला मी सारखं सांगत होते, बाबा निघालेत, पोचतीलच. खोटंच. मला तरी कुठं काय माहीत होतं. तिचं लक्षच नव्हतं माझ्याकडे. ती एकच विचारत होती, गाडी रिकामी झाली का. मला वाटलं, भ्रमात बोलतेय." तिनं बोट ओळीवरून उचललं. "फॉर्म कुणी भरला होता, बाबा?"

"तिनंच," साठवाले म्हणाले.

म्हणजे तिला ठाऊक होतं. पलंगावर पडल्या पडल्या तिला ठाऊक होतं की गाडी रिकामी झाल्याशिवाय यांना कुणी सांगणार नाही आणि हे येणार नाहीत. म्हणून ती मुलीचं खोटं बाजूला सारून जे विचारायचं तेच विचारत होती. तिनं किती वेळा विचारलं, हे साठवाल्यांना मुलीला विचारायचं होतं. छातीत काहीतरी दुखायला लागलं होतं, दहा आठवड्यांनी पहिल्यांदाच, आणि दुखतंय ते आपलंच आहे हे त्यांना स्पष्ट कळत होतं.

"सव्वातीनला झाली," ते म्हणाले. मुलीनं वर पाहिलं, पण ते तिच्याशी बोलत नव्हते. "सव्वातीनला झाली गं रिकामी. लगेच निघालो."