वडाच्या थांब्यापर्यंत

यौ तिन-लुक यांचे चिरंजीव क्वाई-सांग, क्वाई-सांग यांचे चिरंजीव युन-फात, आणि युन-फात यांची थोरली कन्या लान-क्यू. या घराण्याची भातखाचरे आणि घरे रीतीप्रमाणे लान-क्यूच्या भावांकडे गेली. ते ती विकून मँचेस्टरला गेले आणि तिथे लोकांना नूडल्स खाऊ घालू लागले. ऋण मात्र विकता येत नाही. ते मागे राहिले, आणि जी मागे राहिली तिच्या वाट्याला आले.

ते ऋण असे. पणजोबा तिन-लुक एकदा वोंग-नाईच्या खाडीत शिंपल्या वेचताना कमरेपर्यंत चिखलात रुतले. भरती चढत होती. पलीकडच्या गावच्या त्सांग घराण्यातल्या एका दणकट माणसाने त्यांना ओढून बाहेर काढले, पाठीवर घेतले आणि खाडीच्या काठापासून वेशीवरच्या वडापर्यंत आणून पारावर ठेवले. पुढच्याच आठवड्यात यौंनी भाजलेले अख्खे डुक्कर वाजतगाजत त्सांगांकडे पाठवले. ते दारातूनच परत आले. निरोप असा होता की पाठीचे ऋण पाठीनेच फिटते.

बोलणे रास्त होते, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून एकाही त्सांगाने एकाही यौला आपल्याला पाठीवर घेऊ दिले नाही. एका त्सांगाला विंचू चावला, तेव्हा तो यौंच्या दारावरून एका पायावर उड्या मारत वैद्याकडे गेला. दुसऱ्याच्या पोटात असह्य कळा आल्या, तर चार चुलतभावांनी त्याला फळीवर घालून नेले. जो सावकार वसुलीच करत नाही, त्याच्या तोऱ्याला अंत नसतो.

हल्ली तो तोरा त्सांग शुई-केई या ऐंशी ओलांडलेल्या गृहस्थांकडे होता. दोन्ही गावांत लग्न असो, बारसे असो, मेजवानीत वाफाळता मासा टेबलावर आला की हे शुई-केई काका उभे राहत आणि ती कथा सांगत. शेवट ठरलेला असे. वडाखाली तिन-लुकना टेकवल्यावर त्यांना वाचवणारे काकांचे आजोबा काय म्हणाले, ते काका आजोबांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवत. "रेड्या, चिखलात उतरण्याआधी समुद्र कुठं आहे ते तरी बघत जा!" मग सगळा मांडव हसे, आणि यौ मंडळी आपापल्या वाटीतला भात मोजत बसत.

पुढच्या महिन्यात लान-क्यूच्या मुलीचे लग्न होते. जावई शहरातला, सासरची माणसे सुशिक्षित आणि हळू आवाजात बोलणारी. त्यांच्यासमोर आपला पणजोबा रेडा ठरणार, हे लान-क्यूला सहन होत नव्हते. काकांना बोलावणे टाळावे, तर गावची रीत मोडते. काकांनी त्या दिवशी गप्प बसावे, म्हणून तिने मध्यस्थही पाठवला होता. मध्यस्थ चहा पिऊन परत आला. मासा येईल तशी गोष्टही येईल, असे काकांनी सांगितले होते.

लान-क्यूने उभा जन्म एका उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात तांदळाची पोती आणि तेलाचे डबे उचलण्यात काढला. निवृत्त झाल्यावर ती शहरातल्या आपल्यासारख्याच रिकाम्या मंडळींना रानावनात चालायला नेऊ लागली. तिचा नियम एकच होता. जिथे बस जात नाही, तिथे आपण जायचे नाही, कारण परतीची बस चुकेल या धाकाशिवाय माणूस वेळेवर चालत नाही. खाडीच्या कडेने, तिवरांच्या रानातून, जुन्या मत्स्यतळ्यांच्या बांधांवरून जाणाऱ्या वाटा तिने तळहातावरच्या रेषांसारख्या पाठ केल्या होत्या.

नवव्या महिन्यातल्या नवमीला, म्हणजे डोंगरावरच्या पूर्वजांच्या थडग्यांना भेटायच्या दिवशी, ती आपली मंडळी घेऊन वोंग-नाईच्या मिनीबसमध्ये बसली. पुढच्याच आसनावर शुई-केई काका होते. मांडीवर शेवंतीची जुडी होती आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाचा डबा होता. त्यांचे मुलगे बाकीचे सामान घेऊन होडीने परस्पर थडग्याकडे निघाले होते. काकांना होडी मानवत नसे.

तिला पाहताच काकांचा चेहरा खुलला. त्यांनी साऱ्या बसला तिची ओळख करून दिली, आणि ओळखीत अर्थातच पणजोबा आले. मासा नसतानाही गोष्ट निघाली, हे लान-क्यूला फार लागले. हे ऋण फेडायची संधी तुम्हीच देत नाही, असे ती शांतपणे म्हणाली.

"अगं, द्यायची कुणाला?" काका म्हणाले. "यौंच्या पाठी गेल्या सगळ्या मँचेस्टरला. तू तर लेक, पोरी. लेकीची पाठ हिशेबात धरत नाहीत."

"विहिरीचं पाणी, रानातलं सरपण आणि तुमच्यासारखे कार्टे, हे सगळं या गावात बायकांच्याच पाठीवरून आलंय, काका. तेव्हा धरलीत ना हिशेबात?"

गाडी चालवणाऱ्या आ-पिंगला हसू आवरेना. शेवटच्या वळणावर त्याने उगाच भोंगा वाजवला.

वडाच्या थांब्यावर सगळे उतरले. लान-क्यूने काठ्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या तपासल्या आणि मंडळींना घेऊन बांधाच्या वाटेला लागली. बगळे तळ्यात एका पायावर उभे होते, उघड्या पडलेल्या चिखलावर निवटी मासे टणाटण उडत होते. काका मागून येत होते, अंडी मांडल्यासारखी पावले टाकत. मृत्यूच्या भीतीने नव्हे, यौंच्या पाठीच्या भीतीने ते असे चालत.

पण बांध अरुंद, आणि लान-क्यूची शहरी मंडळी प्रत्येक बगळ्यापाशी थांबून फोटो काढणारी. काकांना पुढे जाता येईना. पूर्वजांच्या दिवशी त्सांगाने यौच्या मागून डोंगर चढायचा, ही गोष्ट त्यांच्या रक्ताला सोसवेना. ओहोटी होती. खाडीतून आडवे गेले तर अर्धी वाट वाचत होती. जन्मभर सांभाळलेले शहाणपण त्यांनी एका क्षणात बांधावर सोडले आणि तिवरांतून खाली उतरले.

थोड्याच वेळात हाक आली. हाक मदतीची नव्हती, शिव्यांची होती. काका गुडघ्याच्या वर रुतले होते, शेवंती डोक्यावर उंच धरली होती, आणि डबा एका तिवराच्या फांदीत नीट अडकवून ठेवला होता. दूरवर पाण्याची चकाकती कड खाडीत वळत होती.

लान-क्यूने तळ्यावरच्या पडक्या झोपडीचे दार उचकटले, ते चिखलावर आडवे टाकले आणि त्यावर पालथी पडून काकांना बगलेत हात घालून उपसले. एक बूट खाडीने ठेवून घेतला. बांधाच्या पायथ्याशी आणल्यावर काका उभे राहू लागले आणि मटकन बसले. घोटा मुरगळून सुजला होता.

"तुझ्या मंडळींतला एखादा पुरुष दे," काका दुसरीकडे पाहत म्हणाले.

मंडळींतले एक निवृत्त बँक मॅनेजर तत्परतेने पुढे झाले. लान-क्यूने त्यांच्याकडे फक्त पाहिले. तेव्हा त्यांना आपला दुखरा गुडघा आठवला. बाकीच्यांनाही काही ना काही आठवले. पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत आले होते. लान-क्यू काकांकडे पाठ करून ओणवी झाली आणि थांबली. ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती, तर काका बुडाले असते पण बसले नसते.

अखेर तिच्या खांद्यांवर दोन सुकलेले हात आले.

माणूस वाळला तरी त्याचा अभिमान वजनदार असतो. बांध संपेपर्यंत लान-क्यूच्या मानेवरून घाम वाहू लागला. डांबरी रस्ता लागला तेव्हा काका म्हणाले की झाले, फिटले, आता उतरव. लान-क्यूने त्यांचे गुडघे आणखी घट्ट धरले.

"वडापर्यंत," ती म्हणाली.

"मी म्हणतोय ना फिटलं म्हणून!"

"आज म्हणताय. लग्नात मासा आला की म्हणाल, अर्ध्यातच टाकलं."

नेमके तेच म्हणायचा काकांचा बेत होता.

एवढ्यात मागून आ-पिंगची मिनीबस आली. काकांनी मान उंचावून, बसमधून उतरताना प्रवासी देतात तशी खणखणीत हाळी दिली: "थांब्यावर घे!" ही हाळी ऐकून न थांबणारा चालक अजून जन्मायचा आहे. आ-पिंग थांबला, दार उघडले, एक जागा रिकामी आहे म्हणाला. लान-क्यू थांबली नाही. काका पाठीवरून दाराकडे हात पसरत होते आणि दार मागे पडत होते. मग आ-पिंगने दोन्ही घराण्यांचा इतिहास आठवून काय ते ओळखले. तो बस माणसाच्या चालीने तिच्या शेजारून चालवू लागला. खिडक्या भराभर उघडल्या. कुणी तिला पाणी देऊ केले, कुणी काकांना पाय नीट धरायला सांगितले. मागून लान-क्यूची मंडळी येत होती. त्यांपैकी एक बाई शेवंती मिरवत होत्या आणि मॅनेजर डबा.

वडाशी पोहोचल्यावर ती पाराकडे पाठ करून वळली, वाकली, आणि काकांना अलगद दगडावर टेकवले. बसचे इंजिन बंद झाले. ती कंबर सरळ करून जायला निघाली.

"कुठं निघालीस?" काका म्हणाले. त्यांचा एक पाय अनवाणी होता, कपाळावर चिखल वाळत होता, पण ताठा उतरला नव्हता. "त्सांगांची वसुली अर्धीमुर्धी नसते. माझ्या आजोबांनी खाली ठेवल्यावर काहीतरी दिलं होतं. तेही परत कर."

लान-क्यू क्षणभर घोटाळली. मग तिच्या ध्यानात आले. ती पुन्हा काकांसमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि तीन पिढ्यांचा आवाज घशात गोळा केला.

"रेड्या," ती म्हणाली, "चिखलात उतरण्याआधी समुद्र कुठं आहे ते तरी बघत जा."

काकांनी डोळे मिटून, मान लववून ते पुरते ऐकून घेतले.

"हं," ते म्हणाले. "आता फिटलं."