चिमाबाईंच्या घरातला मांसाहारी

मी एक म्हातारा फुगा मासा आहे. लांबी एक इंच, वय चार वर्षे, स्वभाव वाईट. मित्रांनो, गोड आत्मकथा ऐकायची असेल तर एखाद्या गोल्डफिशकडे जा.

माझा जन्म केरळातल्या एका ओढ्यात झाला. तिथून पिशवीत, पिशवीतून खोक्यात, असा मी सोलापुरात मौलालींच्या शोभेच्या माशांच्या दुकानात पोहोचलो. तिथे मी इतर माशांच्या शेपट्या कुरतडल्या, म्हणून मला एकट्याला बरणीत ठेवले होते. एक दिवस निवृत्त शिक्षक रुद्रप्पा आले. माझे दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरतात, याचे त्यांना फार कौतुक वाटले.

मौलालींनी बजावले, "काका, ह्यो गोगलगायी खातो बरं का. त्याचे दात वाढत्यात. शंख फोडायला मिळाले न्हाईत तर तोंडच चालंना त्याचं."

"आमच्या घरात आला की आमच्यासारखं खाईल की!" रुद्रप्पा म्हणाले.

त्यांचे घर लिंगायत. अंड्याचा विषयसुद्धा उंबऱ्याबाहेर. त्यांच्या पत्नी चिमाबाईंनी पहिल्या दिवशी मला कडक भाकरीचा चुरा वाढला. मी तो पाहिला, एकाच डोळ्याने. दुसऱ्या दिवशी उकडलेला वाटाणा आला. तो माझ्याएवढाच होता. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

"लई ताठा हाय की मेल्याला!" चिमाबाई म्हणाल्या. "भूक लागली की झक मारत खाईल."

मी खाल्ले नाही. पाहुणे काचेवर टिचक्या मारून "फुगून दाखव" म्हणत. मी फुगलो नाही. आम्ही जिवाच्या भीतीने फुगतो, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नाही. सहाव्या दिवशी मात्र माझे पोट खपाटीला गेले. फुगा मासा, आणि पोट खपाटीला!

चिमाबाई काचेशी वाकल्या. "अवो, ह्यो मरतोय. दुकानदारानं काय सांगितलं हुतं?"

रुद्रप्पा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग त्यांनी खरे सांगितले.

"आन् मला आज सांगताय व्हय?"

"तू काय म्हणशील म्हणून..."

"काय म्हणीन? या घरात जीव मारून खायचा न्हाय. आन् उपाशी ठिवून मारायचा बी न्हाय. जावा, आणा जावा!"

संध्याकाळी वाटीभर बारक्या गोगलगायी आल्या. चिमाबाईंनी चमच्याने एक पाण्यात सोडली आणि पाठ फिरवली. कुट्ट!

"शिवा शिवा," त्या पुटपुटल्या. जरा थांबून म्हणाल्या, "आजून एक घालू?"

मित्रांनो, या गोष्टीला तीन वर्षे झाली. गोगलगायी आता गच्चीवरच्या पाण्याच्या टबात वाढतात. मी सुधारलो नाही, सुधारणारही नाही. तुम्ही कुणाला घरी आणाल तर आधी त्याचे तोंड बघा, मग ताट वाढा. आपल्या ताटाच्या मापाने कुणाचे तोंड कापू नका.

चिमाबाई अजूनही रोज पाठ फिरवतात. मीही रोज शंख फोडतो, अगदी त्यांना ऐकू जाईल असा.