काही करत नाहीत ती

त्याचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण वीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवण्यात गेली म्हणून सगळी गल्ली त्याला कवळीकर म्हणायची. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. माणूस महाभिडस्त. कुणी रांगेत घुसलं तर हा आणखी एक पाऊल मागे सरकणार. भांडायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मग दोन दिवसांनी मेणात दात बसवताना त्याला फर्मास उत्तर सुचायचं, आणि ते ऐकायला समोर फक्त प्लास्टरचे जबडे असायचे.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, घर ओकंबोकं झालं, तेव्हा बायकोने मैत्रिणीकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं. "हे घरात राहणार असेल तर मी बाहेर," कवळीकर म्हणाला. चौथ्या दिवशी पिल्लू त्याच्या बुटात तोंड खुपसून झोपलं, आणि ते जागं होऊ नये म्हणून हा चपला घालून कामावर गेला. पिल्लाचं नाव पडलं बटण. बायको हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसायची, तिची पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची. त्यामुळे बटणला सकाळी फिरवणं आपोआप कवळीकरच्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायला लागलं होतं.

पाण्याच्या टाकीमागे मोठं मोकळं मैदान होतं. एका सकाळी बटण तिथे एका वाळक्या पानाशी झटापट करत होतं, तेवढ्यात टाकीच्या आडून दोन दांडगे कुत्रे सुसाट आले. एक पिवळा, एक काळा. गळ्यात पट्टे होते, पण साखळ्या नव्हत्या. कवळीकरला काय होतंय ते कळायच्या आत पिवळ्याने बटणला आडवं पाडलं होतं. बटण जिवाच्या आकांताने केकाटलं. कवळीकरने पिल्लू झटकन उचलून छातीशी धरलं, तसा पिवळा त्याच्या अंगावरच उसळला. शर्टाची बाही टर्रकन फाटली.

"घाबरू नका!" लांबून आवाज आला. "काही करत नाहीत हो ती!"

आवाज होता मास्तरांचा. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. केस पांढरे, पाठ ताठ, गळ्यात अजूनही शिट्टी. त्यांनी शिट्टी फुंकली. कुत्र्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फुंकली. मग कुत्री आपली आपणच कंटाळून निघून गेली.

मास्तर जवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही उचललंत, म्हणून ती उसळली. पिल्लाला असं उचलायचं नसतं."

कवळीकरचा शर्ट ओला झाला होता. भीतीने बटणला आवरलं नव्हतं. कवळीकरला बरंच काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "बघा ना जरा."

त्या दिवसापासून घराची घडी विस्कटली. बटण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चारी पाय रोवून बसायचं, ओढलं तर गळ्यातला पट्टा कानांवरून निसटायचा. कवळीकर त्याला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचा, मान लांब करून पलीकडे डोकवायचा आणि मगच खाली ठेवायचा. त्याने वेळ बदलली, मास्तरांनीही नेमकी तीच गाठली. त्याने वाट बदलली, मागच्या गल्लीने जाऊ लागला, तर तिथे सायकलची साखळी खडखडली तरी पिल्लाआधी हाच दचकायचा. कामावर बसलं तरी पाय टेबलाखाली हलत राहायचे. एका आजोबांच्या कवळीत त्याने उजवा सुळा डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "अहो, पेशंट हसले तर आरशात हसल्यासारखे दिसतायत. तब्येत बरी आहे ना?"

घरी बायकोने विचारलं, "त्या मास्तरांशी बोललात का?"

"बोललो की."

"काय बोललात?"

"म्हटलं, बघा ना जरा."

"बघा ना जरा!" तिने हात कपाळाला लावला. "हे बोलणं झालं की जांभई? उद्या मी सुट्टी टाकते आणि मीच जाते."

"नको. मी बोलेन."

"कधी? पिल्लाचे दात पडून तुम्ही त्याला कवळी बसवाल तेव्हा?"

त्याने बोलणं काही केलं नाही, पण एक गोष्ट केली. माळ्यावरची मोठी काळी छत्री काढली. खटका दाबला की फाडकन उघडणारी. पहिल्यांदा उघडली तेव्हा बटण कॉटखाली पळालं आणि तासभर बाहेर आलं नाही. मग रोज संध्याकाळी तो हळूच उघडायचा, बिस्किटाचा तुकडा द्यायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. आठवड्याभरात बटण छत्री दिसली की बिस्किटाची वाट बघत बसू लागलं. कवळीकर मात्र खटक्याच्या आवाजासरशी दचकायचाच.

शनिवारी गाठ पडलीच. टाकीजवळून वळतो न वळतो तोच दोन्ही कुत्री समोरून आली, माना खाली, कान मागे. कवळीकर बटणच्या पुढे उभा राहिला आणि त्याने छत्री उघडली. फाड! दोन्ही कुत्री मातीत पाय घासत थबकली.

"मागे!" तो ओरडला. "मागे व्हा!"

आपल्या घशात असा आवाज आहे हे त्याला पन्नाशीला आल्यावर कळत होतं. पण काळा बाजूने वळसा घालू लागला. बटण पायांभोवती फिरलं आणि त्याची दोरी कवळीकरच्या दोन्ही घोट्यांना गुंडाळली गेली. आता हलायचीही सोय राहिली नाही. पिवळ्याने छत्रीची कड दातात धरली आणि झटका दिला. कापड उसवलं. कवळीकरने छत्रीची मूठ घट्ट आवळली आणि तो ओरडत राहिला.

मास्तर धापा टाकत आले. त्यांनी डाव्या हाताने पिवळ्याचा पट्टा पकडला. साखळ्या खांद्यावर होत्या, त्या अडकवायला दुसरा हात हवा, आणि दुसरा हात वर येईना. छातीपर्यंत आला की तिथेच अडकायचा. एका साखळीचं टोक त्यांनी दातात धरून पाहिलं, ते तीनदा निसटलं. कवळीकरचं पोट बोटांवर चालत होतं. दुसऱ्याच्या हातात बळ नाही हे त्याला पाहताक्षणी कळलं.

"हात वर होत नाही का तुमचा?"

"कोण म्हणतं?" मास्तर गुरकावले.

छत्री तशीच ढालीसारखी धरून कवळीकरने दुसरा हात पुढे केला, साखळी घेतली आणि पिवळ्याच्या मानेशी नेली. हे करताना त्याने डोळे जवळजवळ मिटलेच होते. कडी अडकली. बोटांना गरम, दाट केस लागले, आणि त्याखाली तो एवढा धिप्पाड कुत्रा चक्क थरथरत होता. जोडीदार थांबलेला पाहून काळाही जवळ आला, मग त्यालाही साखळी लागली.

आणि तेव्हा, दोन दिवसांनी नाही, तर तिथल्या तिथे त्याच्या तोंडून शब्द आले. "तीन आठवडे झाले, माझं पिल्लू जिना उतरत नाही. मी चोरासारखा कोपऱ्याकोपऱ्यातून डोकावत फिरतो. काही करत नाहीत म्हणता? ही छत्री बघा. त्या दिवशीची बाही बघितलीत ना? हे काही न करणं असेल तर करणं म्हणजे काय?"

मास्तर आपला खांदा चोळू लागले.

"चार महिन्यांपूर्वी मांजरामागे धावली दोघं," ते म्हणाले. "साखळ्या माझ्या मनगटाला गुंडाळलेल्या. फरफटत गेलो, खांदा निखळला. मुलगा म्हणाला, बाबा, पुन्हा पडलात तर दोघांनाही घेऊन जाईन. धरली तर मी पडतो, सोडली तर दुसरे पडतात. सांगा, काय करू?"

"ते मला माहीत नाही," कवळीकर म्हणाला. "पण सोडायची नाहीत. पुन्हा मोकळी दिसली तर मी तक्रार करणार. खरंच करणार."

मग पंचाईत उभी राहिली ती वेगळीच. दोघांना एकट्या मास्तरांनी घरी न्यायचं कसं? शेवटी कवळीकरने बटणला शर्टाच्या आत कोंबलं, काळ्याची साखळी धरली, आणि उसवलेली छत्री काखेत मारून तो मास्तरांच्या मागे चालू लागला. शर्टातून बाहेर आलेलं इवलंसं नाक पाहून दूधवाला सायकलवरून पडता पडता राहिला.

त्यानंतर चार दिवस मैदान रिकामं होतं. कवळीकरने खरं तर निवांत व्हायला हवं होतं, पण त्याच्या जिवाला काही स्वस्थता मिळेना. मास्तरांच्या घरावरून जाताना आतून दार खरवडल्याचा आवाज यायचा. मध्येच एखादं लांबलचक विव्हळणं. "आपलं म्हणणं खरं झालं, मग हे असं का वाटतंय?" त्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तिथे जाऊन बघा म्हणजे कळेल. मला विचारून काय होणार?"

पाचव्या दिवशी त्याने दार वाजवलं. मास्तरांनीच उघडलं. दाराचा रंग आतून खालपर्यंत निघाला होता. कुत्री मागच्या खोलीत धडका देत होती.

"तक्रारीचा कागद आणलात का?"

"नाही. सहज आलो."

"सहज कुणी येत नाही. बसा." त्यांनी एका हाताने चहा केला, एकेक कप आणून ठेवला. कवळीकरने मदतीला उठायचं मनात आणलं आणि त्यांचा चेहरा बघून बसून राहिला. "मुलगा रविवारी येतोय," मास्तर म्हणाले. "काळ्याला नेणार. मीच फोन केला. दोघं मिळून मला ओढतात, एकटा पिवळा ओढत नाही. चार दिवस त्याला एकट्याला अंगणात फिरवून पाहिलं."

कवळीकरला बरं झालं म्हणवेना आणि वाईट झालं म्हणायला तोंड नव्हतं.

"आता तुमच्या पिल्लाचं," मास्तर एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाले. "त्याच्या मनात भीती घर करून बसली तर जन्मभर जात नाही. सराव हवा. सोमवारी सात वाजता मैदानावर या. पिवळ्याच्या तोंडाला मुसकं असेल, साखळी माझ्या हातात. उशीर चालणार नाही."

"जाणार तुम्ही?" बायकोने विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि सोमवारी पावणेसातलाच जाऊन उभा राहिला.

सराव म्हणजे फार काही नव्हतं. मैदानाच्या या कडेने कवळीकर आणि बटण, त्या कडेने मास्तर आणि पिवळा, दोघांनी एकाच दिशेने चालायचं. "अंतर राखा! पिल्लाकडे बघू नका, समोर बघा!" पलीकडून हुकूम सुटत. पहिल्या दिवशी बटण दहा पावलांवर बसलं ते उठेचना. पिवळाही धड चालत नव्हता. दर थोड्या वेळाने तो थांबायचा, मागे वळायचा आणि टाकीच्या दिशेने बघत राहायचा, काळा अजून का आला नाही म्हणून. मास्तर त्याला ओढत नसत, थांबून राहत. कवळीकरही मग आपल्या कडेला थांबून राहायचा.

दोन आठवड्यांत मधलं अंतर साठ पावलांवरून चाळीसवर आलं, चाळीसवरून वीसवर. एका सकाळी पिवळा चालता चालता गवतावर बसला, मग मास्तर त्याला घेऊन पुढे गेले. बटणने दोरी ताणली. पोट जमिनीला घासत, एकेक पाऊल मोजत ते त्या दबलेल्या गवतापर्यंत गेलं आणि हुंगू लागलं. मागे ओढावं म्हणून कवळीकरचा हात शिवशिवत होता. त्याने ओढलं नाही.

"आणखी जवळ येऊ का?" त्याने पलीकडे ओरडून विचारलं.

"अजून नाही," मास्तर म्हणाले. "उद्या बघू."