हळदीच्या गाण्यातला थांबा

आमच्या एडवणला हळद लागते ती हंसाच्या गाण्यावर. हंसा म्हणजे माझी आई. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिचं गाणं ऐकत पिवळ्या झाल्या आहेत, आणि नेमकी माझी वेळ आली तेव्हा तिचा आवाज गेला. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आई वाचली. आवाज मात्र कुजबुजीवर आला. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, पण मला ते गाणंही हवं होतं. माझ्या हळदीला, आईच्याच चालीत. बाकीच्या बायांना शब्द येतात, पण त्या मागून म्हणणाऱ्या. पुढे होऊन ओळ उचलायची ती आईनेच.

"डीजे लाव ना, दीपिका," हितेश म्हणाला. हितेश म्हणजे होणारा नवरा, तारापूरचा, स्वभावाने गरीब. मी संध्याकाळपर्यंत त्याचा फोन उचलला नाही. बायको कशी मिळणार आहे ते त्याला लग्नाआधीच कळलं, बरंच झालं.

मी बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. कीबोर्ड क्लासला जाऊन शिकलेली. पण नवरी पाटावर बसून कीबोर्ड कशी वाजवणार? म्हणून सफाळ्याच्या नामदेवकाकांना गाठलं. काका फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. आता त्यांची चार माणसं लग्नात वाजवतात: क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट आणि पोटाशी धरायचा एक मोठा भोंगा.

"ऐकून वाजवायला लावलंस तर चौघं चार लग्नांत पोचतील," काका म्हणाले. "आम्ही स्वरलिपी वाचून वाजवतो. कागद आण. कागदावर असेल ते वाजेल."

कागद कुठून आणायचा? चुलतबहीण मोनालीच्या हळदीत कुणीतरी फोनवर आईचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. ते कानाला लावून बसवलं, कीबोर्ड वायरीने लॅपटॉपला जोडला, स्वरलिपी लिहिणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं आणि वाजवलं.

या वायरीतून आवाज जात नाही. जाते ती नुसती बातमी: कुठली पट्टी दाबली, केव्हा, किती जोरात, आणि बोट केव्हा उचललं. तेवढ्यावरून सॉफ्टवेअरने ठरवायचं की हा स्वर एका मात्रेचा, हा अर्ध्या, हा पाव. माणसाचं बोट काही नेमक्या मात्रेवर पडत नाही. किंचित आधी पडतं, किंचित उशिरा उठतं. ते बिचारं सगळं खरं मानून लिहितं. पडद्यावर जे उमटलं ते वाळत घातलेल्या बोंबलांत कावळे शिरावेत तसं दिसत होतं. टिंबं, शेपट्या, स्वराला स्वर बांधणाऱ्या कमानी, मध्येच चिमूटभर थांबे. काकांच्या माणसांनी ते बघून वाद्यं खाली ठेवली असती.

मग मी शिकले. सॉफ्टवेअरला आधी लय सांगावी लागते, म्हणून टिकटिक लावून वाजवलं. सगळ्यात लहान मात्रा कुठली धरायची ते सांगितलं, म्हणजे त्याहून बारीक जे असेल ते जवळच्या मात्रेवर सरकतं. आईचं गाणं तीन-तीनच्या झोक्याचं, तेही सांगितलं. राहिले ओळींच्या शेवटी लांबलेले सूर. कुठे थोडे, कुठे भलतेच लांब, कशाचा कशाला मेळ नाही. मला वाटलं, तेव्हाही गाठ असणार, आईला पुढची ओळ उचलायला वेळ लागत असणार. ते कापून टाकले. कागद असा स्वच्छ निघाला की लॅबचा रिपोर्टही मी इतका स्वच्छ देत नाही.

आई ओटीवर जवळा निवडत होती. मी लॅपटॉप पुढ्यात ठेवून ऐकवलं. तिने मान हलवली. नाही.

"एवडी घाय कोनाला हाय?" ती कुजबुजली.

"काय चुकलं ते नीट सांग ना!" मी खेकसले. जिला बोलायला त्रास होतो तिच्यावर. माझं हे असं आहे.

आईने पदराला हात पुसले, मला पाटावर दाबून बसवलं आणि रिकाम्या वाटीत बोटं बुडवली. ओठ हलायला लागले, आवाज नाही. हात माझ्या पावलांवर आले, गुडघ्यांवर, मग खांद्यांवर, शेवटी कपाळाला. ओळ संपत आली तरी हात फिरतच होता, आणि तोवर तिचे ओठ उघडेच, सूर धरलेले. बोटं परत वाटीत गेली तेव्हाच पुढची ओळ.

"लावनारीला सोडून पुडं कसं जायाचं?"

मी उठून पहिला, कावळे शिरलेला कागद उघडला. लांबलेले सूर सगळे जागच्या जागी. तेव्हा कोण कोणामागून हळद लावायला आली ते मला आठवत होतं. मोनालीच्या हळदीत गुडघे धरून हळूहळू वाकणारी थोरली काकी जिथे होती तिथे सूर लांब, भराभर लावून पळणाऱ्या करवल्या होत्या तिथे आखूड. आईचा श्वास कुठेच कमी पडला नव्हता. ती प्रत्येकीसाठी थांबली होती, आणि त्या यंत्राने ते थांबणं न कळताही लिहून ठेवलं होतं. मी लॅपटॉपला चक्क हात जोडले. आईला वाटलं पोरीला लग्नाचं वारं लागलं.

पण हळद कोण किती वेळ लावेल ते आधी कसं लिहायचं? कागद घेऊन काकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या स्वरावर पेन्सिलीने एक अर्धा गोल काढला, आत टिंब.

"याच्या मात्रा किती?" मी विचारलं.

"मोजायच्या नाहीत. ही खूण दिसली की सूर धरायचा आणि कागदावरची नजर उचलून माणसाकडे बघायचं. कोणाकडे बघू ते सांग."

"हळद लावणारीकडे," मी म्हटलं.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात चौघं उभे राहिले. पाटावर मी. पहिली हळद कोणी लावायची म्हणून बायांची कुजबुज चालली होती, तेव्हा थोरली काकी म्हणाली, "हंसे, तू ये. आज तरी तुजे हात मोकले हाईत."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आईने आजवर कुणालाच हळद लावली नव्हती. ती कायम मांडवाच्या कोपऱ्यात, गात.

आई पुढे आली. वाटीत बोटं बुडवली, आणि बँडने ओळ उचलली. तिची चाल, तिचा झोका. पावलं, गुडघे, खांदे. सूर लांबला, चौघांची नजर आईच्या हातावर. हात कपाळाशी आला आणि थांबला. ओली हळद, तिचा तळवा, आणि ती हात उचलेचना. ट्रम्पेटवाल्यांचे चेहरे लाल झाले. क्लॅरिनेटचा दम संपला, मग भोंग्याचा. कुणी पुढे गेलं नाही. सूर तुटणार तेवढ्यात मागून बायांनी तो गळ्यात घेतला, काकीने, मोनालीने, सगळ्यांनी, आणि धरून ठेवला.

किती वेळ ते मला माहीत नाही. आईला हवा होता तेवढा वेळ सगळे थांबले.